कौसानीचा चीड नागपुरात जगेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. मे महिन्यात तुम्ही उत्तराखंडातल्या कौसानीला गेलात, चिडाचे, म्हणजे हिमालयातल्या पाइनचे, चार शंकू पिशवीत घालून आणले. मुलीने ते टेबलावर आपटले तेव्हा पाच-सहा पंखवाल्या बिया बाहेर पडल्या. हिंगणा रोडला तुमचा तीन हजार फुटांचा प्लॉट आहे. शिवाय एका नर्सरीवाल्याने तुम्हाला ‘पाइन’ म्हणून कुंडीतलं एक रोप विकलंय. आता तुम्हाला हवंय ते असं: ही दोन्ही झाडं एकच का, चीड आपला देशी वृक्ष म्हणायचा का, तो किती वर्षांत किती वाढतो, आणि नवतपात, म्हणजे मेअखेरच्या तापत्या नऊ दिवसांत, होरपळणाऱ्या नागपुरात तो तगेल का.

मी वनखात्यात तीस वर्षं काढली, त्यातली बहुतेक सागाच्या मागे. चीड पहिल्यांदा जवळून पाहिला तो देहरादूनच्या प्रशिक्षणात. निवृत्त झाल्यावर हौस म्हणून पुतण्याच्या शेतात, नागपूरजवळ बाजारगावच्या अलीकडे, चिडाची सात रोपं लावली. पाच मेली, दोन उभी आहेत. त्यामुळे खालचं बरंचसं उत्तर त्या मेलेल्या पाचांनी शिकवलेलं आहे.

आधी कुंडीतल्या रोपाचं बघू, कारण त्यात तुमची फसगत झालेली दिसते. फोटोत फांद्या छत्रीच्या काड्यांसारख्या एकावर एक थरांनी निघाल्यात, आणि पानं बारीक, खवल्यांसारखी, फांदीला चिकटून आहेत. हा अरोकेरिया. नाताळात ‘ख्रिसमस ट्री’ म्हणून विकतात तो. याचं मूळ गाव प्रशांत महासागरातली बेटं. शंकू धरणारा आहे एवढंच पाइनशी नातं, कूळ वेगळं. नर्सरीवाल्यावर फार रागावू नका. त्यालाही घाऊक बाजारातून हेच नाव सांगून माल येतो. आणि खरं सांगायचं तर नागपुरात कुंडीसाठी ते रोप चिडापेक्षा कितीतरी सोयीचं आहे.

दुसरी गफलत सुरूची. अलिबाग-हरिहरेश्वरच्या किनाऱ्यावरची सुरूची बनं बघून लोक ‘पाइनचं जंगल’ म्हणून फोटो टाकतात. सुरूच्या ज्याला आपण सुया म्हणतो त्या पानं नाहीतच, त्या बारीक हिरव्या डहाळ्या आहेत. एक ओढून बघा. बांबूच्या पेरासारखी ती टिचकन सांध्यावर तुटते, आणि त्या सांध्याभोवती दातांसारखे जे बारीक खवले दिसतात ती खरी पानं. सुरूला फुलं येतात, तो सपुष्प वृक्ष आहे. पाइनला फूल नाही, फळ नाही. बी उघडंच शंकूच्या खवल्यावर बसलेलं असतं.

खऱ्या पाइनची ओळख एका खुणेवर करता येते. त्याची सुईसारखी पानं सुटी सुटी उगवत नाहीत, जुडीने येतात, आणि जुडीच्या बुडाशी कागदासारखं पातळ वेष्टण असतं. जुडीत किती सुया ते मोजा. चिडाच्या जुडीत तीन. लांबीला वीत-सव्वा वीत, वीसपासून तीस सेंटिमीटर आणि क्वचित त्याहूनही जास्त, त्यामुळे त्या ताठ उभ्या न राहता झिपऱ्यांसारख्या लोंबतात. त्या तीन सुया चिमटीत एकत्र दाबून बघा, एक पूर्ण गोल काडी तयार होते. म्हणजे प्रत्येक सुई आडवी कापली तर संत्र्याच्या फोडीच्या आकाराची निघते, दोन बाजू सपाट आणि पाठ गोल. नागपूरच्या माणसाला हे समजवायला दुसरी उपमा शोधायला नको. वनस्पतिशास्त्र सांगतं की ती अख्खी जुडी म्हणजे वाढ खुंटलेली एक इवलीशी फांदीच आहे.

आता देशी की विदेशी. चीड शंभर टक्के भारतीय उपखंडाचा आहे, पण महाराष्ट्राचा नाही. पाकिस्तानातल्या डोंगरांपासून जम्मू, हिमाचल, उत्तराखंड, नेपाळ, सिक्कीम, भूतान असा हिमालयाच्या खालच्या अंगाने त्याचा पट्टा जातो. उंची साधारण पाचशे मीटरपासून दोन हजारांपर्यंत, कुठे थोडं वर-खाली. त्याच्या वर गेलात की पाच सुयांचा कैल लागतो, किन्नौरच्या कोरड्या दऱ्यांत चिलगोजा, ज्याच्या बिया आपण सुक्यामेव्याच्या दुकानात महाग म्हणून नुसत्या बघतो. ईशान्येला मेघालय-मणिपूरकडे खासी पाइन. अरुणाचलच्या पूर्व टोकाला दोन सुयांचा मर्कुसी पाइन सापडतो. त्याचेच भाऊबंद सुमात्रात विषुववृत्त ओलांडून खाली गेलेत, पाइनच्या सगळ्या गोतावळ्यात नैसर्गिकरीत्या एवढं धाडस दुसऱ्या कोणी केलेलं नाही. विंध्य-सातपुड्यापासून खाली कन्याकुमारीपर्यंत मात्र एकही पाइन आपणहून उगवत नाही. अमरकंटकला किंवा निलगिरीत दिसतात ते सगळे माणसाने लावलेले, आणि त्यातले बरेच मेक्सिको व मध्य अमेरिकेकडचे. तेव्हा ‘देशी वृक्ष लावा’ या घोषणेखाली कोणी नागपुरात चीड लावत असेल तर मी तरी त्याला देशी म्हणणार नाही. चीड आपल्यासाठी पाहुणाच.

नावाचीही गंमत आहे. मराठीत चीड म्हटलं की आधी राग आठवतो. संस्कृतात याला सरल म्हणतात, सरळ वाढतो म्हणून. आयुर्वेदाच्या दुकानात मिळणारा गंधाबिरोजा म्हणजे याचीच चिकट राळ. कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात काम केलेल्या विल्यम रॉक्सबर्गने त्याला लांब पानांचा पाइन असं लॅटिन नाव दिलं होतं. ते नाव दुसऱ्याच झाडासाठी आधी वापरलं गेलेलं निघालं, म्हणून नंतर खुद्द रॉक्सबर्गचं नाव झाडाला चिकटलं. त्याच्या सगळ्यात जवळच्या नातेवाइकांपैकी एक कुठे असावा? आफ्रिकेच्या पश्चिमेला, स्पेनच्या कॅनरी बेटांवर. मधल्या हजारो किलोमीटरमध्ये या दोघांपैकी कोणी आपणहून उगवत नाही.

वाढीचा प्रश्न तुम्ही ‘किती वर्षांत किती फूट’ असा विचारलाय. सागाच्या हिशेबाने विचार केलात तर फसाल. साग पहिल्याच दोन पावसाळ्यांत ताडमाड होतो, पानं छत्रीएवढी. चीड याच्या बरोबर उलट. बी रुजताना दोन नव्हे, डझनभर बीजपत्रं एका चक्रात उघडतात. छोटं हिरवं चाक काडीवर ठेवल्यासारखं दिसतं. त्यानंतर वर्षभर ज्या सुया येतात त्या जुडीच्या नसतात, एकेकट्या, आखूड, निळसर. जुडीच्या तीन सुया पुढे हळूहळू दिसायला लागतात. पहिल्या वर्षाच्या शेवटी रोप जमिनीवर बोटभर किंवा फार तर वीतभर असतं. लोकांना वाटतं रोप अडलं. अडलेलं नसतं, ते खाली गेलेलं असतं. खोड बोटभर असताना सोटमूळ हातभर खोल असतं. पहिली तीन-चार वर्षं हे असंच चालतं. पुतण्याच्या शेतावरचे जुने वनमजूर, ज्यांना आम्ही सगळे मामा म्हणतो, त्यांनी तिसऱ्या वर्षी त्या रोपाकडे बघून म्हटलं होतं, “साहेब, झाड नाही हे, झाडू आहे.”

तरुणपणी चिडाकडे आणखी एक गुण असतो जो बहुतेक पाइनकडे नाही. वणव्यात वरचा भाग जळला किंवा कोणी छाटला तर बुंध्याच्या गळ्यापासून तो पुन्हा फुटतो. मोठेपणी ही ताकद उरत नाही. तोवर सालीने ते काम हाती घेतलेलं असतं. जून चिडाची साल लालसर-तपकिरी, खोल भेगांची, आणि इतकी जाड की जमिनीलगतचा वणवा खालून धावून गेला तरी आतलं जिवंत लाकूड शाबूत राहतं.

पाचव्या-सहाव्या वर्षापासून खरी उंची सुरू होते. वसंतात शेंड्यावर पांढुरक्या मेणबत्तीसारखा कोंब सरळ वर निघतो, आधी नुसता कोंब, सुया नंतर उलगडतात. त्याच्या बुडाशी फांद्यांचं एक चक्र फुटतं. कोवळ्या झाडाची अशी चक्रं मोजून वयाचा अंदाज बांधतात, पण तो अंदाजच. माझी दोन झाडं आता चौदा वर्षांची आहेत, आणि मोठं झाड दुमजली घराच्या गच्चीच्या कठड्याला लागेल एवढं आहे. हिमालयात चांगल्या जमिनीवर चीड तीस मीटरपर्यंत सहज जातो, उत्तम जागी पन्नासपर्यंत. तिथले वनाधिकारी त्याच्या तोडीचा हिशेब शंभर वर्षांच्या पुढे धरतात. तुमच्या प्लॉटवर तुम्ही किंवा मी तो आकार बघणार नाही.

लाकडाबद्दल विचारलं नाहीत तरी सांगतो, कारण हा माझ्या आवडीचा भाग. सागाच्या लाकडात पाणी वाहणाऱ्या रुंद नळ्या असतात, कापलेल्या ओंडक्यावर त्यांची भोकं नुसत्या डोळ्यांनी दिसतात. पाइनच्या लाकडात अशा नळ्याच नाहीत. अरुंद, दोन्हीकडून बंद पेशी एकमेकींना खिडक्यांनी जोडलेल्या, त्यातून पाणी झिरपत वर जातं. वेग कमी, पण कोरड्या दिवसांत नळीत हवा शिरून पाण्याची साखळी तुटण्याचा धोकाही कमी. सुईचंही तसंच: साल जाड, मेणाचा थर, श्वासरंध्रं खोल खळग्यात दडलेली. साग उन्हाळ्यात पानं टाकून मोकळा होतो, चीड पानं ठेवून कंजुषी करतो. तरी तो पूर्ण सदाहरित आहे असं समजू नका. सुई वर्ष-दीड वर्ष टिकते, आणि मुख्य पानगळ एप्रिल ते जूनमध्ये होते. कोरड्या उतारावर तर मेमध्ये झाड जवळजवळ उघडं पडतं. माझी झाडं दरवर्षी मेमध्ये निम्मी होतात, आणि दरवर्षी कोणी ना कोणी येऊन सांगतं की तुमचं झाड वाळलं.

याच लाकडात राळेच्या नलिका असतात. जखम झाली की तिथे राळ येऊन जखम बुजते, कीड-बुरशी आत शिरत नाही. माणसाने त्याचा धंदा केला. बुंध्याला खाचा पाडून खाली वाटी लावायची, जमलेला लिसा, म्हणजे कच्ची राळ, गाळून-तापवून टर्पेंटाइन वेगळं आणि रोझिन वेगळं. रंगकामाला टर्पेंटाइन आपण वापरतोच, आणि तबला-पेटीवाल्यांच्या शेजारी बसणारा सारंगीवाला गजाला जी राळ घासतो ती रोझिनच. पूर्वी खाच एवढी खोल मारत की झाडं वाऱ्यात मोडत आणि वणव्यात तिथूनच पेटत. कुमाऊंमध्ये १९२१ साली लोकांनी बेगारीविरुद्ध आणि जंगलबंदीविरुद्ध उठाव केला, तेव्हा सरकारची हीच लिशाची चीडवनं पेटली होती. काही भागांत चिडाचं लाकूड पिळवटलेलं निघतं, दोरखंडाला पीळ असतो तसं. अशा लाकडाची फळी वाकते. ते दोष बियाण्यातून पुढे जात असल्याने बी घेताना सरळ धाग्याचं झाड बघायचं असतं. नागपुरातल्या दुकानांत ‘पाइनवुड’ म्हणून जे फर्निचर मिळतं ते बहुतेक बाहेरदेशातून आलेल्या दुसऱ्या पाइनचं असतं, त्याचा चिडाशी संबंध लावू नका.

आता नागपूर. तुम्हाला भीती उन्हाची आहे. २३ मे २०१३ ला इथे ४७.९ अंश नोंदले गेले होते, तेव्हा भीती वाजवी आहे. पण माझ्या पाच मेलेल्या रोपांपैकी एकही उन्हाने मेलं नाही. चीड थंडीतला देवदार नव्हे. शिवालिकच्या पायथ्याला, जिथे मे महिन्यात पारा चाळिशीला टेकतो, तिथेही तो राहतो. कोवळ्या रोपाला पहिले दोन उन्हाळे पश्चिमेकडून तट्ट्याची आडोश्याची सावली आणि आठवड्यातून दोनदा पाणी दिलं तर ते निभावून नेतं. सावली मात्र त्यानंतर काढायचीच. हा प्रकाशाचा हपापलेला वृक्ष आहे, दुसऱ्या झाडाखाली तो कुजत बसतो.

मग मेली कशाने? दोन रोपं जुलैत मेली, आणि पुढे हीच गोष्ट सगळ्यात महत्त्वाची ठरली. शेताच्या खालच्या अंगाला काळी माती होती. सात दिवस झड लागली, पाणी तुंबलं, मुळांना हवा मिळेना, सुया आधी राखाडी आणि मग गंजल्यासारख्या लाल. उपटून पाहिलं तर मुळाची साल हातात आली. संत्र्याचा बागवान असाल तर डिंक्या आणि मूळकूज काय असते ते तुम्हाला मी सांगायला नको, जवळपास तोच तमाशा. आपल्या काळ्या मातीची आणखी दोन दुखणी: उन्हाळ्यात ती हातभर भेगाळते आणि बारीक मुळं तोडते, आणि तिच्यात चुनखडी असते. चिडाला माती किंचित आम्ल लागते. चुनखडीत त्याला लोह उचलता येत नाही, सुया पिवळ्या पडत जातात. अमरावती रोडवर देशाच्या मृदा सर्वेक्षणाचं मुख्यालय असलेलं हे शहर, आणि इथे आपण झाड लावताना आकाशाकडे बघतो, खाली बघत नाही!

तिसरं रोप पिवळं पडून वाळलं, आणि त्याचं कारण मला दोन वर्षांनी कळलं. पाइनची मुळं एकटी जगत नाहीत. त्यांच्या बारीक मुळांवर विशिष्ट बुरशी पांढऱ्या मोज्यासारखी चढते. तिच्या धाग्यांची लांबी मुळांच्या कितीतरी पट. झाड तिला साखर पुरवतं, ती झाडाला स्फुरद आणि पाणी आणून देते. याला मायकोरायझा म्हणतात. हिमालयातल्या मातीत ही बुरशी असतेच, कोणाला तिचा विचारही करावा लागत नाही. जिथे पाइन कधी नव्हता तिथल्या मातीत ती नसते. पोर्टो रिको बेटावर विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत पाइनची रोपं बोटभर वाढून पिवळी पडायची. अमेरिकेतल्या पाइनखालची माती आणून मिसळली, तेव्हा तीच रोपं उभी राहिली. खत घालून हे काम होत नाही. मीही युरिया टाकून पाहिला होता, रोप दोन आठवडे आधी मेलं एवढाच फरक. मग देहरादूनच्या एका जुन्या सहकाऱ्याने मोठ्या चिडाखालची, पालापाचोळ्याच्या थराखालची काळसर भुसभुशीत माती कापडी पिशवीत बांधून दिली, जेमतेम दोन किलो. तिची एकेक मूठ उरलेल्या रोपांच्या मुळाशी घातली. पुढच्या वर्षी सुयांचा रंग बदलला. तिसऱ्या पावसाळ्यात बुंध्याजवळ बटणाएवढ्या तपकिरी अळंब्या उगवल्या. मामांनी त्या उपटायला घेतल्या होत्या, मी धावत जाऊन थांबवलं.

चौथं रोप उधईने खाल्लं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. पाचवं मात्र माझ्या आळसाचं. ते पॉलिथिनच्या पिशवीत जरुरीपेक्षा वर्षभर जास्त राहिलं होतं. सोटमूळ तळाला आपटून गोल गोल फिरलं होतं, आणि लावताना मी तो गुंता न कापता तसाच खड्ड्यात बसवला. पाच वर्षं झाड छान दिसलं, माणसाच्या उंचीपेक्षा वर गेलं. मग वळवाच्या एका वावटळीत बुंध्यापाशी उलथून पडलं. मूळ घड्याळाच्या स्प्रिंगसारखं गुंडाळलेलं, खाली एक धागाही गेलेला नव्हता.

जगलेली दोन कुठे आहेत? वरच्या अंगाला, बरड मुरमाड उतारावर. तिथे तुरी धड होत नाहीत म्हणून पुतण्याने ती जागा मला दिली होती.

तुमच्या प्लॉटकडे यायचं तर नागपूरची पश्चिम बाजू बेसाल्टची आहे, आणि हिंगण्याकडे बऱ्याच ठिकाणी फूट-दीड फुटावर मुरूम लागतो. खड्डा खणून बघा. मुरूम लागला तर आशा आहे. खड्ड्यात बादलीभर पाणी ओता. तासाभरात जिरलं तर चीड लावा, सकाळपर्यंत तसंच राहिलं तर तिथे अर्जुन लावा आणि आनंदात राहा. बिल्डरने भराव टाकलेली जागा असेल तर आत सिमेंटचा राडा असणार, म्हणजे पुन्हा चुना. ती जागा सोडा.

बियांबद्दल थोडी निराशा करतो. चिडाचा शंकू तयार व्हायला जवळजवळ दोन वर्षं लागतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये नर शंकूंतून पिवळा धुरळा उडतो, गाड्यांच्या काचांवर हळद सांडल्यासारखा बसतो. परागकण मादी शंकूत पोचतात, पण प्रत्यक्ष फलन होतं जवळपास वर्षाने. त्यानंतरच्या हिवाळ्यात शंकू पिकतो, आणि उन्हाळ्यात एप्रिलपासून तडकून उघडतो. बी साधारण आठ-नऊ मिलिमीटर, त्याला चार सेंटिमीटरचा पंख. गरगरत जातं, पहिल्या पावसाला रुजतं. म्हणजे जमिनीवर पडलेला, फुललेला शंकू तुम्ही मेमध्ये उचलला तेव्हा त्यातलं चांगलं बी बहुधा उडून गेलेलं होतं. मागे राहतं ते बरेचदा पोचट. तपासायचं असेल तर रात्रभर पाण्यात टाका. तरंगेल ते फेका, बुडेल ते ठेवा.

बुडालेली असली तरी दुसरी अडचण आहे. कौसानी अठराशे मीटरच्या वर, म्हणजे चिडाच्या पट्ट्याच्या वरच्या टोकाला. तिथल्या झाडांच्या बियांना तिथल्या हवेची सवय असते. नागपूर तीनशे मीटरवर. मला विचाराल तर शिवालिकच्या पायथ्याकडचं, पाचशे-सहाशे मीटरवरचं बी मिळवा. वनसंशोधन संस्था आणि तिकडची वनखाती बी गोळा करतात, रीतसर मागणी करून बघायला हरकत नाही. कौसानीचं मुलीच्या हौसेसाठी पेराच, पण सगळी भिस्त त्याच्यावर ठेवू नका.

पेरणी मी दिवाळीनंतर करतो, पहाडातल्या वेळापत्रकाने नाही. हिवाळ्याच्या उबदार दिवसांत बी दोन-तीन आठवड्यांत वर येतं, आणि नवतपा यायच्या आत रोपाला सहा महिने मिळतात. माध्यम अर्धं चाळलेलं मुरूम, उरलेल्या अर्ध्यात जाड वाळू आणि कुजलेला पालापाचोळा, त्यात ती पाइनखालची माती मूठभर. शेणखत घातलं तर कोवळी रोपं मानेत वाकून कोलमडतात. बी त्याच्या जाडीएवढंच खोल टाकायचं, वर वाळूचा पातळ थर. पाणी झारीने, तेही वरचा थर सुकल्यावर. आणि जाळी! खारींना चिडाचं बी शेंगदाण्यासारखं आवडतं. माझी पहिली पेरणी एका सकाळीत संपली होती. पिशवी उंच घ्या, वीत-सव्वा वीत, आणि दुसऱ्या पावसाळ्याच्या सुरुवातीला रोप जमिनीत गेलंच पाहिजे. तेव्हा पिशवीतलं रोप जेमतेम वीतभर असेल, हरकत नाही. लावताना पिशवी उभी फाडा, तळाचं गुंडाळलेलं मूळ कात्रीने कापा, आणि बुंध्याभोवती आळं न करता उलट थोडा उंचवटा करा. आपल्या माळीलोकांना आळं केल्याशिवाय चैन पडत नाही, तेव्हा हे स्वतः उभं राहून करून घ्या. शेंडा कधीही छाटू नका, मधली मेणबत्ती गेली की झाडाचं झुडूप होतं.

घरापासून किती लांब? पाच मीटर तरी, आणि विजेच्या तारेखाली अजिबात नाही. मेमध्ये गळलेल्या सुयांचा गालिचा होतो, उत्तराखंडात त्याला पिरूल म्हणतात. तो कुजायला फार वेळ लावतो आणि बिडीच्या थोटकाने पेटतो. गच्चीच्या पन्हाळीत साचला तर पहिल्या पावसात पाणी घरात. दर रविवारी झाडून काढा. तो जाळू नका. गुलाबाच्या वाफ्यावर दोन बोटं जाड पसरला तर ओल टिकते आणि तण दबतं.

तुम्ही प्रश्नाच्या शेवटी सोसायटीच्या रस्त्याच्या दुतर्फा पन्नास झाडं लावण्याची कल्पना लिहिली आहे. तिला माझा सरळ विरोध आहे. पाण्याच्या कारणाने नाही, आगीच्या आणि सावलीच्या कारणाने. सुयांच्या थराखाली दुसरं फारसं काही उगवत नाही, गायी-शेळ्या तो पाला तोंडात घेत नाहीत, मेच्या दुपारी त्याची सावली विरळ. खुद्द उत्तराखंडातल्या गावांत बायका बांज ओकच्या बाजूने आणि चिडाच्या विरोधात बोलतात, कारण बांज चारा देतो, सरपण देतो, आणि त्याच्याखाली ओल राहते. जिथला तो आहे तिथेच त्याच्याबद्दल एवढी तक्रार असेल तर आपण रांग कशाला लावायची? रस्त्याला कडुनिंब, करंज, बेहडा आहेतच. चीड एकच लावा, मुरमाच्या कोपऱ्यात, मुलीच्या नावाने.

आणि ते चार शंकू टाकून देऊ नका. कपाटावर ठेवा. त्यांचे खवले लाकडाच्या दोन वेगळ्या थरांचे असतात आणि ओलीला वेगवेगळे फुगतात, म्हणून मेलेला शंकूही उघडझाप करत राहतो. नागपूरच्या मेमध्ये तो पूर्ण फुललेला दिसेल. जूनमध्ये एखाद्या सकाळी खवले आवळायला लागलेले दिसले की हवेत ओल आली समजा, आणि रोपासाठी खड्डा खणायला घ्या.